संग्राहक टाउन्ली आणि मूर्तींतील प्रक्षेप

होमरच्या 'इलियड'वरील प्राचीन ग्रीक टीकांचा अभ्यास करणाऱ्यांना 'टी' हे अक्षर सुपरिचित आहे. अकराव्या शतकातील एका हस्तलिखिताची ती खूण होय. ह्या पोथीत महाकाव्याच्या ओळींलगतच्या समासांत दाट अक्षरांत पूर्वाचार्यांची टिपणे भरलेली आहेत. 'टी' म्हणजे टाउन्ली. अठराव्या शतकात चार्ल्स टाउन्ली ह्या इंग्रज जमीनदाराने ही पोथी इटलीतून मिळविली. त्याच्या पश्चात ती चार्ल्स बर्नी ह्या ग्रीक पंडिताच्या हाती गेली आणि बर्नीच्या ग्रंथसंग्रहाबरोबर १८१८ साली ब्रिटिश म्यूझियममध्ये दाखल झाली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. साहित्याच्या इतिहासात टाउन्लीचे नाव मुख्यतः ह्या एका अक्षराने राखले. त्याच्या समकालीनांना मात्र तो निराळ्या कारणासाठी ठाऊक होता. संगमरवरी मूर्तींचा त्याच्याएवढा रसिक संग्राहक त्या काळच्या लंडनमध्ये दुसरा दाखविणे कठीण. पोथी आणि मूर्ती ह्यांचा सांभाळ करण्याच्या दोन अगदी भिन्न शिस्ती अशा प्रकारे एका माणसाच्या घरात एकत्र नांदत होत्या. पोथीमध्ये टीकाकाराचा शब्द समासात राहतो, मूळ ओळीत शिरत नाही. मूर्तीच्या बाबतीत उलट प्रकार होता : दुरुस्ती करणाऱ्याचा हात मूळ दगडात अशा बेताने मिसळावयाचा की, सांधा कोणाच्या ध्यानात येऊ नये. टाउन्लीच्या चरित्राला जे वाङ्मयीन महत्त्व आहे ते ह्या विसंगतीमुळे.

टाउन्लीचा जन्म १७३७ साली लँकेशायरमधील बर्न्ली गावाजवळच्या टाउन्ली हॉल ह्या वडिलोपार्जित वाड्यात झाला. घराणे जुने, श्रीमंत आणि कॅथलिक. ह्या शेवटच्या विशेषणाने त्याच्या आयुष्याची दिशा ठरविली. कॅथलिक माणसाला त्या काळच्या इंग्लंडमध्ये पार्लमेंटात बसता येत नसे, सरकारी अधिकारपद घेता येत नसे, ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवीही मिळत नसे. त्यामुळे त्याचे शिक्षण फ्रान्समधील द्वे येथील इंग्रज कॅथलिक महाविद्यालयात झाले. त्याच्या आजोबांचे एक भाऊ फ्रान्सिस हे १७४५ च्या स्टुअर्ट-पक्षीय बंडात सामील झाले होते. १७४६ साली त्यांना देहान्त शासन झाले आणि त्यांचे शिर लंडनच्या टेंपल बार ह्या वेशीवर खांबाला लावण्यात आले. चार्ल्स त्या वेळी आठ वर्षांचा होता. दुसरे भाऊ जॉन हे फ्रान्समध्ये स्थायिक झालेले. त्यांनी सॅम्युएल बटलरच्या 'ह्यूडिब्रास' ह्या विडंबनकाव्याचा फ्रेंच पद्यानुवाद केला आणि तो १७५७ साली, एका पानावर इंग्रजी व समोरच्या पानावर फ्रेंच अशा मांडणीने प्रसिद्ध झाला. अनुवादकाने आपली जबाबदारी वाचकासमोर उघडी ठेवावी ह्याहून सरळ मार्ग नाही. मूळ शेजारीच असते. कोठे सैल पडले, कोठे पदरचे घातले, ते डोळ्यांना दिसते.

चार्ल्सचा एक शिक्षक म्हणजे जॉन नीडहॅम. हा धर्मगुरू सूक्ष्मदर्शकाखाली जीवांची उत्पत्ती पाहत असे, आणि निर्जीव द्रव्यातून जीव आपोआप उपजतो ह्या मतापायी त्याने व्हॉल्टेअरचा उपहास ओढवून घेतला होता. पुढे टाउन्लीच्या दिवाणखान्यात विश्वाच्या जननशक्तीविषयी जी चर्चा झडे तिचे बीज येथे शोधण्याचा मोह होतो. मोह म्हणून तो ठीक आहे. पुरावा म्हणून त्याची किंमत फारशी नाही. आईकडून मिळालेला वारसा मात्र निश्चित आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये प्राचीन मूर्ती आणि शिलालेख आणणारा पहिला मोठा उमराव, अरंडेलचा अर्ल टॉमस हॉवर्ड, हा तिच्या पूर्वजांपैकी होता.

राज्यकारभाराचे दार बंद असलेल्या ह्या धनिकाने १७६७ मध्ये इटलीची वाट धरली. पुढे आणखी दोनदा तो तेथे गेला. रोममध्ये त्या काळी प्राचीन मूर्तींचा बाजार इंग्रजांच्या पैशावर चालत असे. टॉमस जेन्किन्स हा सावकारीही करणारा व्यापारी आणि गॅव्हिन हॅमिल्टन हा उत्खननाचा नाद असलेला स्कॉटिश चित्रकार, हे टाउन्लीचे दोन प्रमुख पुरवठेदार. जमिनीतून निघालेली मूर्ती सहसा भग्न असे आणि भग्न मूर्तीला गिऱ्हाईक नसे. म्हणून ती प्रथम कारागिराकडे जाई. तो तिला नाक देई, हात देई, पाय देई. प्रसंगी दुसऱ्याच मूर्तीचे जुने मस्तक तिच्या मानेवर बसवी. जोसेफ नोलेकेन्स ह्या नंतर नावारूपाला आलेल्या शिल्पकाराने तारुण्यात रोममध्ये हाच धंदा केला, आणि नव्या दगडाला जुनेपणाचा रंग यावा म्हणून तो तंबाखूचे पाणी वापरीत असे, अशी हकीकत त्याचा चरित्रकार जे. टी. स्मिथ ह्याने १८२८ साली लिहून ठेवली आहे.

महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा परिचय असलेल्या भारतीय वाचकाला ह्या व्यवहाराचे नाव सांगावयास नको. हा प्रक्षेप होय. फरक एवढाच की, ग्रंथातील प्रक्षेप पाठभेदांच्या तुलनेने वेगळा काढता येतो. दगडातील प्रक्षेप काढावयाचा तर मूर्तीवर पुन्हा छिन्नी चालवावी लागते. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भारतीय परंपरेत खंडित मूर्ती पूजेला चालत नाही. तिचे विसर्जन होते किंवा जीर्णोद्धारात तिच्या जागी नवी मूर्ती येते. ही दृष्टी इतिहासाला निष्ठुर आहे खरी, पण ती जुन्याला नव्याचे सोंग देत नाही, नव्यालाही जुन्याचे देत नाही. अठराव्या शतकातील युरोपीय रसिकाला देव नको होता, देवाचे संपूर्ण सौंदर्य हवे होते. ते अखंड मिळत नाही असे दिसताच त्याने ते पुरे करवून घेतले.

ह्या वृत्तीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे टाउन्लीचा 'डिस्कोबोलस', थाळीफेक करणारा युवक. मायरन ह्या ग्रीक शिल्पकाराने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात घडविलेली कांस्यमूर्ती नष्ट झाली आहे. तिच्या रोमन काळातील संगमरवरी प्रतिकृती तेवढ्या मिळतात. त्यांपैकी एक तिव्होली येथील सम्राट हेड्रियनच्या प्रासादाच्या अवशेषांत सापडली. १७९२ मध्ये जेन्किन्सने ती लिलावात घेतली, टाउन्लीने तिच्यासाठी ४०० पौंड मोजले आणि १७९४ साली ती लंडनला पोचली. तिच्या धडावर दुसऱ्या एका प्राचीन मूर्तीचे मस्तक बसविलेले होते आणि ते पुढे, खालच्या बाजूला पाहत होते. वस्तुतः मायरनचा युवक मागे वळून थाळीच्या हाताकडे पाहतो. ह्याला दोन स्वतंत्र पुरावे उपलब्ध होते. १७८१ मध्येच रोममध्ये दुसरी, अधिक पूर्ण अशी प्रतिकृती सापडली होती. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक लूशियन ह्याने ह्या मूर्तीचे जे वर्णन केले आहे त्यात मान मागे वळल्याचा उल्लेख आहे. रिचर्ड पेन नाइट ह्या टाउन्लीच्या विद्वान मित्राने ही चूक दाखवूनही दिली. टाउन्लीने मानले नाही. आपलीच प्रत मूळची आणि सरस, ह्या समजुतीला तो चिकटून राहिला.

हा प्रसंग एका हौशी माणसाच्या हट्टाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. होमरच्या ओळीला कोणत्या आचार्याने काय म्हटले हे टिपून ठेवणारी पोथी ज्याच्या कपाटात होती, त्या माणसाने मूर्तीच्या बाबतीत ग्रंथाचा पुरावा डावलला. ह्याचे कारण अज्ञान नव्हे. पुढे झुकलेल्या धडावर पुढे पाहणारे मस्तक हे प्रथमदर्शनी अधिक स्वाभाविक वाटते, पाहणाऱ्याला अडवीत नाही. मायरनची रचना अवघड आहे. शरीर एकीकडे आणि दृष्टी दुसरीकडे ह्या ताणातच तिचा अर्थ आहे. दुरुस्ती करणाऱ्याने तो ताण काढून टाकला. अनुवादाच्या क्षेत्रात वावरणाऱ्यांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. मुळातील अडखळविणारे वळण सरळ करून दिले की अनुवाद 'सहज' झाल्याची वाहवा होते आणि मूळ तेथेच हरपते.

प्रक्षेप नेहमी दगडाचाच असतो असे नाही; नावाचाही असतो. १७७२ मध्ये नेपल्स येथील एका उमराव घराण्याकडून टाउन्लीने एका तरुण स्त्रीचा अर्धपुतळा घेतला. पाकळ्यांच्या वलयातून वर आल्यासारखी तिची घडण आहे. तिला कोणते नाव द्यावे ह्याविषयी त्याचे मन वेळोवेळी बदलले. कमळावरील आयसिस देवी, असाही एक विचार पुढे आला. अखेर रूढ झाले ते क्लायटी हे नाव. ओव्हिडच्या काव्यातील ही अप्सरा सूर्यावरील प्रेमापायी फुलात रूपांतरित होते. आधुनिक अभ्यासक तिला पहिल्या शतकातील एखाद्या रोमन स्त्रीचे व्यक्तिचित्र मानतात. तथापि ओव्हिडची कथा तिला एकदा चिकटली ती चिकटलीच. टाउन्ली तिला विनोदाने आपली पत्नी म्हणत असे. तो जन्मभर अविवाहित राहिला. १७७८ साली कॅथलिकांवरील काही निर्बंध सैल झाले. त्याच्या प्रतिक्रियेतून जून १७८० मध्ये लंडनमध्ये गॉर्डन दंगली उसळल्या, तेव्हा वेस्टमिन्स्टरमधील पार्क स्ट्रीटवरचे घर सोडताना त्याने रत्नांची पेटी आणि हा पुतळा तेवढा बरोबर घेतला, असे सांगतात. घर वाचले. आख्यायिका गोड आहे. पण टेंपल बारवरच्या शिराची आठवण जागी असलेल्या माणसाने जमावाच्या भीतीने घर सोडणे, ही घटना तिच्या गोडव्याखाली दडून जाऊ नये.

ह्याच घराचे चित्र योहान झोफनी ह्याने १७८१ ते १७८३ ह्या काळात रंगविले. आज ते टाउन्ली हॉलमध्येच, बर्न्लीच्या नागरी कलादालनात आहे. ग्रंथालयात मूर्तींची दाटी, एका बाजूला खुर्चीत टाउन्ली, त्याच्या पायाशी कॅम नावाचा कुत्रा, भोवती दोन मित्र. प्रत्यक्षात इतक्या मूर्ती त्या खोलीत कधीच नव्हत्या. चित्रकाराने साऱ्या घरातून त्या गोळा केल्या. पुढे १७९८ मध्ये थाळीफेक करणारा युवकही चित्रात भरण्यात आला. म्हणजे चित्रालाही प्रक्षेप झाला. परंतु ह्या चित्रातील खरे सूचक स्थान टाउन्लीचे नाही. मध्यभागी मेजाशी बसून ग्रंथात डोके घातलेला पुरुष दांकारव्हिल हा आहे. हा फ्रेंच पंडित कर्जे, पलायन आणि बडेजाव ह्यांसाठी जितका प्रसिद्ध तितकाच बुद्धिमान. मूर्ती टाउन्लीच्या होत्या, त्यांना बोलके करण्याचा मक्ता दांकारव्हिलकडे होता.

१७८५ मध्ये दांकारव्हिलने ग्रीक कलांचा उगम आणि विकास ह्यांविषयीचा आपला मोठा फ्रेंच ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. जगातील सर्व प्राचीन धर्मांच्या मुळाशी एकच आदिम धर्म असून, सृष्टी उत्पन्न करणाऱ्या शक्तीची वृषभ, अंड, सर्प, कमळ अशी चिन्हे त्याने निर्माण केली आणि कला म्हणजे त्या चिन्हांचीच हळूहळू सुंदर झालेली रूपे, असा त्याचा सिद्धान्त. ह्या सिद्धान्ताला भारताची गरज होती. ती अनपेक्षित मार्गाने भागली. 'कंबरलंड' ह्या ब्रिटिश युद्धनौकेवरील कॅप्टन अलेक्झांडर अ‍ॅलन ह्याने मुंबईजवळच्या घारापुरीच्या लेण्यांतून आणलेला म्हणून एक शिल्पखंड लंडनला आणला आणि तो टाउन्लीच्या संग्रहात आला. त्यावर उंच उठावात मैथुनमग्न स्त्रीपुरुषांच्या आकृती आहेत. दांकारव्हिलने त्याची दखल घेतली. पेन नाइटने १७८६ मध्ये 'सोसायटी ऑफ डिलेटांटी' ह्या रसिकमंडळासाठी खाजगीरीत्या छापलेल्या प्रायापस-पूजेवरील निबंधात त्याचे चित्र दिले, आणि ग्रीस, ईजिप्त व भारत ह्यांच्या समान प्रतीकविद्येचा दाखला म्हणून त्याची योजना केली.

ह्या शिल्पखंडाला कोणी नाक जोडले नाही, हात जोडला नाही. जोडणार तरी कोण? रोममधील कारागिरांना ह्या शरीरांचे वळण ठाऊक नव्हते. टाउन्लीच्या घरातील इतर अनेक मूर्तींपेक्षा हा दगड त्यामुळे अधिक अस्सल राहिला. परंतु दगडात न झालेला प्रक्षेप ग्रंथात झाला. घारापुरीच्या मुख्य लेण्यातील शिल्पे सहाव्या शतकाच्या सुमाराची, सलग खडकात कोरलेली आणि भव्य शैव आशयाची आहेत. मैथुनयुग्मांच्या अशा पट्टिका मुख्यतः नंतरच्या काळातील बांधीव देवळांच्या बाह्यांगावर आढळतात. म्हणूनच हा तुकडा त्या लेण्यातला असण्याविषयी पुढे शंका घेतली गेली, आणि ती रास्त दिसते. देवळाच्या बाहेरील थरांत गजथर, नरथर, युग्मे, नर्तक असा क्रम असतो. त्यातील एका आकृतीचा अर्थ तिच्या शेजारच्या आकृतींवर, खालच्या-वरच्या थरांवर आणि आतील गाभाऱ्यापासूनच्या अंतरावर अवलंबून असतो. पार्क स्ट्रीटवर हा तुकडा पोचला तेव्हा त्याचे हे सारे शेजार तुटलेले होते. एका लांब वाक्यातील एक क्रियापद उचलून त्यावरून संपूर्ण भाषेचे व्याकरण सांगावे, तसे दांकारव्हिल आणि नाइट ह्यांनी केले.

ह्याच वर्षांत दुसरीकडे काय घडत होते? जानेवारी १७८४ मध्ये कलकत्त्यास विल्यम जोन्सने एशियाटिक सोसायटी स्थापन केली. १७८५ मध्ये चार्ल्स विल्किन्सने केलेला भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. विल्किन्सच्या अनुवादात उणिवा आहेत, पण तो संस्कृत शिकून, पंडितांच्या सान्निध्यात बसून केलेला होता. अर्थात ह्या दोन मार्गांना एकमेकांचे वारे लागलेच नाही असेही नाही. नाइटने आपल्या निबंधात विल्किन्सच्या गीतेचाही आधार घेतला आहे. तिच्यातील वचने त्याने संदर्भातून सोडवून आपल्या सिद्धान्तात बसविली. म्हणजे गीतेचाही त्याने एक शिल्पखंडच केला.

नाइटच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. भारतीय देवतांना राक्षस आणि विद्रूप आकृती मानण्याची युरोपीय प्रवाशांची शतकानुशतकांची सवय होती. त्या सवयीचा इतिहास पार्थ मित्तर ह्यांनी १९७७ मधील आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडला आहे आणि टाउन्लीच्या मंडळाला त्यात योग्य स्थान दिले आहे. शृंगारशिल्पाला अश्लील न म्हणता धार्मिक अर्थाचे मानणे, ग्रीक मूर्तीच्या शेजारी त्याला जागा देणे, हे त्या काळी धाडसाचे होते आणि नाइटला त्याबद्दल निंदाही सोसावी लागली. चुकीचा अर्थ लावणारा हा पहिला आदर होता. तुच्छतेपेक्षा तो निश्चितच बरा. पण त्यात भारतीय शिल्पी कोठेच नव्हता. होते ते फक्त त्याचे चिन्ह.

टाउन्लीने स्वतः ह्या वादात काय म्हटले? छापील असे जवळजवळ काही नाही. आपल्या मूर्तींच्या हस्तलिखित सूच्या तो पुनःपुन्हा सुधारीत असे, पत्रव्यवहार विपुल ठेवी, येणाऱ्या-जाणाऱ्याला संग्रह मोकळेपणाने दाखवी. तरुण चित्रकार त्याच्या घरी बसून मूर्तींची चित्रे काढीत. त्याचा प्रसिद्ध झालेला एकमेव निबंध लँकेशायरमधील रिबचेस्टर येथे १७९६ साली सापडलेल्या रोमन वस्तूंविषयी आहे. एका खडावा बनविणाऱ्या कारागिराच्या मुलाला खेळताना त्या सापडल्या. रोमन घोडेस्वाराचे मुखवट्यासह कांस्य शिरस्त्राण ही त्यांतील मोलाची वस्तू. हा निबंध वाङ्मयदृष्ट्या सामान्यच म्हणावा लागेल. तरी एक लक्षण ध्यानात येते. वस्तू कोठे सापडली, कोणी काढली, तिच्याबरोबर आणखी काय होते, हे येथे माहीत होते. आणि ते माहीत असताच टाउन्ली संयमाने लिहितो. आपल्या गावच्या नदीकाठच्या वस्तूला त्याने जो न्याय दिला तो तिव्होलीच्या किंवा घारापुरीच्या वस्तूला देणे त्याला साधले नाही, कारण तेथल्या वस्तू त्याच्याकडे व्यापाऱ्याच्या किंवा नाविकाच्या शब्दावर आल्या होत्या.

३ जानेवारी १८०५ रोजी टाउन्ली मरण पावला. मृत्यूपूर्वी थोडेच दिवस त्याने मृत्युपत्राला पुरवणी जोडली होती : भावाने दालन बांधून संग्रह एकत्र ठेवावा, तो न ठेवील तर चुलत्याने, आणि त्यानेही न ठेवल्यास तो ब्रिटिश म्यूझियमला जावा. अखेर पार्लमेंटने २०,००० पौंड देऊन मूर्ती त्याच वर्षी विकत घेतल्या. कांस्ये आणि लहान वस्तू १८१४ मध्ये ८,२०० पौंडांना आल्या. १८०८ साली म्यूझियममध्ये त्यासाठी नवे दालन उघडले. हे वैभव आठच वर्षे टिकले. १८१६ मध्ये लॉर्ड एल्गिनने अथेन्सहून आणलेली पार्थेनॉनची शिल्पे ३५,००० पौंडांना घेण्यात आली. ती भग्न होती आणि भग्नच राहिली. एल्गिनने त्यांच्या दुरुस्तीविषयी विचारले असता कानोव्हा ह्या इटालियन शिल्पकाराने त्यांना हात लावण्याचे नाकारले होते. त्या बिनमस्तकाच्या, बिनहाताच्या आकृतींपुढे टाउन्लीच्या गुळगुळीत, पूर्ण केलेल्या मूर्ती एकाएकी फिक्या पडल्या. रसिकतेचे परिमाणच बदलले. १८४० नंतरच्या दशकात टाउन्लीचे दालनही पाडण्यात आले.

थाळीफेक करणारा युवक अजून ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे आणि त्याच्या मानेवर अजून तेच परके मस्तक आहे. ते काढून टाकले नाही हे योग्यच झाले. मस्तक चुकीचे आहे हे आता मूर्तीबरोबरच्या माहितीत सांगितले जाते. म्हणजे टाउन्लीच्या पोथीत टीकेला जे स्थान होते ते मूर्तीच्या टीकेलाही उशिरा का होईना मिळाले. घारापुरीचा म्हणून आलेल्या शिल्पखंडाची टीका लिहिणाऱ्याचे काम दुप्पट आहे. त्याला दांकारव्हिल आणि नाइट ह्यांचे वाचन समासात नोंदवावे लागेल, आणि त्याखेरीज दख्खनच्या देवळांचे थर, त्यांचा क्रम आणि त्यांचे पाषाण जाणून, ह्या युग्माच्या दोन्ही बाजूंना कोणत्या आकृती उभ्या असावयास हव्यात तेही लिहावे लागेल.